चार बोल्टच्या हबला पाच बोल्ट: नवी भोकं पाडायची की हबच बदलायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी १९६६ ची सहा सिलिंडरची मस्टँग. मागे व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) गाडीतला आठ इंची ॲक्सल बसवल्यामुळे मागची चाकं ५×११४.३ झाली, म्हणजे पाच बोल्ट आणि त्यांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास (पीसीडी) ११४.३ मिमी; पुढच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, अजून ४×११४.३ आहे. लेथवाला म्हणतो, "पीसीडी तोच आहे, याच हबला पाच भोकं पाडून देतो." पाडून घ्यावीत का?

नको. पीसीडी तोच आहे, हीच खरी अडचण आहे. वेगळा असता तर निदान विचार करता आला असता.

कागदावर ११४.३ मिमी व्यासाचं वर्तुळ काढा. त्यावर दर ९० अंशांवर चार खुणा करा आणि दुसऱ्या रंगाने दर ७२ अंशांवर पाच. पाचांचा संच कसाही फिरवा, निदान एक नवं भोक कुठल्यातरी जुन्या भोकापासून ९ अंशांच्या आत येतंच. ९ अंश म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत ९ मिमी. भोकं १३ मिमीची, म्हणजे एकमेकांत शिरणार. मग टर्नर एक जुनं भोक सामाईक धरतो आणि उरलेली चार नवी पाडतो. त्यातली दोन जुन्या भोकांपासून १८ अंशांवर येतात, म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत १७.९ मिमी. १३ मिमीची भोकं वजा केली की मधे धातू उरतो ४.९ मिमी. स्टड म्हणजे हबमध्ये दाबून बसवलेला, चाकाचा नट ज्यावर चढतो तो बोल्ट; त्याच्या मुळाशी दातेरी भाग असतो. तो जाड असला आणि भोक १५ मिमीचं करावं लागलं, तर तीन मिमीही उरत नाही.

त्या चिंचोळ्या पट्टीत स्टड दाबून बसवायचा असतो. दातेरी भाग भोकापेक्षा किंचित मोठा असल्यामुळे बसल्यावर तो धातूला कायम बाहेर रेटत राहतो. वर प्रत्येक वळणावर फ्लँज (हबची स्टड बसतात ती चकती) थोडा वाकतो आणि परत सरळ होतो. तडा तिथूनच सुरू होतो आणि ड्रमखाली झाकलेला राहतो. जुनी भोकं वेल्डिंगने भरून घेतो असं कोणी म्हणालं तर तेही नको. हब बिडाचा असेल तर वेल्डच्या कडेने धातू ठिसूळ होतो आणि थंड होतानाच तडकतो. पुढच्या हबवर मी हा धोका कधीच पत्करणार नाही.

तुमच्या गाडीला सरळ वाट उपलब्ध आहे, कारण याच मॉडेलची व्ही-८ गाडी कंपनीने पाच बोल्टचीच काढली होती. मात्र नुसता व्ही-८ चा हब आणून चालणार नाही. सहा सिलिंडरचा स्पिंडल (हब ज्यावर फिरतो तो दांडा) बारीक आहे, बेअरिंगं लहान आहेत. व्ही-८ चा हब त्यावर बसत नाही. त्यामुळे पूर्ण संच घ्या: दोन्ही बाजूंचे स्पिंडल, हब, १० इंची ड्रम, त्याच्या बॅकिंग प्लेट शूसकट, व्हील सिलिंडर, आतली-बाहेरची बेअरिंगं, नवे ग्रीस सील आणि व्ही-८ चे बाहेरचे टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाशी जोडणारे सांधे). टाय रॉड एंड विसरू नका. जुन्या एंडची निमुळती खुंटी नव्या स्टिअरिंग आर्मच्या भोकात नीट बसत नाही. कॅसल नट आवळला की घट्ट वाटतं खरं, पण खुंटी आत हलत राहते. नवे एंड घेताना तुमच्या स्लीव्हचे आटे जुळतात का तेही बघा. बॉल जॉइंटची खुंटी स्पिंडलमध्ये कोरडी बसवून पाहा: पेन्सिलीने खुंटीवर रेघा ओढा, आत घालून फिरवा, रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या तर निमुळतेपणा जुळला.

हे काम लांबणीवर टाकू नका, असं सांगायला आणखी एक कारण आहे. सहा सिलिंडरला ड्रम ९ इंची होते आणि व्ही-८ च्या मागच्या ॲक्सलवर १० इंची. तुमचे ते ड्रम ॲक्सलबरोबर आले असतील तर आत्ता मागचे ब्रेक पुढच्यांपेक्षा मोठे आहेत. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की मागची चाकं आधी लॉक होतील आणि गाडीचं बूड बाजूला फेकलं जाईल. पुढे १० इंची संच आला की हा तोल सावरतो.

जुने व्ही-८ हब मिळाले तर ड्रम आणि हब एकत्र जोडलेले असण्याची शक्यता आहे. अशा जुन्या हबवर स्टडची मान ठोकून फुगवलेली असते आणि तिनेच ड्रम धरून ठेवलेला असतो. ती फुगवटी न कापता स्टड प्रेसवर मागे ढकलला, तर बाहेर येताना तो हबचं भोक मोठं करतो आणि नवा स्टड त्यात ढिला बसतो. आधी पोकळ कटरने ती कडा कापून काढा, मगच दाबा. नवा स्टड प्रेसनेच बसवा आणि फ्लँजला खालून स्टडच्या अगदी जवळ आधार द्या. नट आवळून स्टड ओढून घेतला की आटे ताणले जातात. हातोडी तर नकोच.

बेअरिंगचे कप (हबमध्ये बसलेली बाहेरची कडी) जुने ठेवून नुसते रोलर नवे घालू नका, जोडी एकत्रच बदला. ग्रीस रोलरच्या मधून वर येईपर्यंत तळहाताने दाबून भरा. मग चाक फिरवत फिरवत स्पिंडल नट २३ ते ३४ न्यूटन-मीटरला आवळा, म्हणजे बेअरिंगं जागेवर बसतात. तो अर्धा फेरा सोडा, नुसत्या बोटांनी परत टेकवा आणि नवी स्प्लिट पिन घाला. हबला आत-बाहेर अगदी किंचित खेळ हवा, ०.०२५ ते ०.१२५ मिमी. टेपर रोलर बेअरिंग आवळून ठेवलं तर तापून जळतं. ब्रेकची हवा काढून झाली की अलाइनमेंट करून घ्या. टाय रॉड बदलल्यावर टो-इन (पुढची चाकं आत वळलेली असण्याचं प्रमाण) पहिल्यासारखा राहत नाही.

हब आणि चाक यांच्यामध्ये बसवायच्या चार ते पाच बोल्टच्या ॲडॉप्टरबद्दलही विचारलंय. ११४.३ ते ११४.३ ॲडॉप्टरमध्ये नट आणि स्टडची तीच दाटी होते. शिवाय साधारण २५ मिमी किंवा जास्त जाडीमुळे चाक तेवढं बाहेर सरकतं. स्क्रब रेडियस (चाक ज्या अक्षावर वळतं तो रस्त्याला जिथे टेकतो, तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर) वाढतो, स्टिअरिंग जड होतं, एका बाजूचा ब्रेक आधी लागला तर हातातलं चाक खेचलं जातं. आणि हा सगळा भार पडणार सहा सिलिंडरच्या त्याच लहान बेअरिंगांवर.

हाच प्रश्न घेऊन दुसरं कोणी इथे येईल, म्हणून सांगतो: भोकं पाडणं नेहमीच चुकीचं नसतं. बोल्ट तेवढेच राहून फक्त पीसीडी बदलत असेल, तर नवी भोकं जुन्यांच्या बरोबर मधोमध येतात. ४×१०० चं ४×१०८ करताना ४५ अंश फिरवलं की मध्यापासून मध्यापर्यंत ४० मिमी मिळतात. ५×११४.३ चं ५×१२०.६५ करताना ३६ अंशांवर ३६ मिमी. धातू भरपूर उरतो. तरीही हब उलटा करून मागची बाजू पाहा. कित्येक ओतीव हबना फक्त मूळ स्टडपाशीच जाड उंचवटे असतात आणि मधला भाग पातळ असतो. तिथे स्टडचं डोकं सपाट टेकलं नाही तर नट कितीही आवळा, ताण टिकत नाही. जाडी पुरेशी असेल तर मागून डोक्यापुरती जागा मिलिंगवर सपाट करून घ्या. भोकाच्या मध्यापासून फ्लँजच्या कडेपर्यंत किमान भोकाच्या व्यासाइतकं अंतर हवं, दीडपट असेल तर उत्तम.

हे काम हँड ड्रिलने करू नका. मिलिंग मशीनवर हब बेअरिंगच्या बोअरवरून केंद्रित करा; फ्लँजची बाहेरची कडा त्या मध्याशी जुळलेली असेलच असं नाही. टर्नरला थेट आकडे द्या. उदाहरणार्थ ५×११४.३ साठी मध्यापासून: (०, ५७.१५), (±५४.३५, १७.६६), (±३३.५९, −४६.२४). सेंटर ड्रिल, मग लहान ड्रिल आणि शेवटचा हात रीमरने. दातेरी भागापेक्षा भोक किती लहान ठेवायचं, ते स्टडच्या कॅटलॉगमध्ये दिलेलं असतं, साधारण ०.१ ते ०.२५ मिमी. ड्रमला मात्र स्टडपेक्षा अर्धा ते एक मिमी मोठी भोकं द्या, त्याला हबच्या मधल्या कॉलरवरच बसू दे.

चाक चढवण्याआधी बसायच्या दोन्ही जागांवरचा रंग आणि गंज खरवडून काढा. खाली जाड रंग राहिला तर तो दबतो आणि नट आपोआप सैल पडतात. नटाचा निमुळता भाग चाकाच्या बैठकीशी जुळायला हवा. ६० अंशांची बैठक आणि गोल तोंडाचा नट यांचं जमत नाही. अर्धा इंची, २० आट्यांच्या स्टडवर नट किमान दहा फेरे चढायला हवा. सात-आठ फेऱ्यांत अडला तर लांब स्टड घ्या. चाक हाताने पूर्ण फिरवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन, टाय रॉड आणि वरच्या बॉल जॉइंटपाशी बोटभर जागा आहे का ते पाहा. मग चाक हवेत असतानाच एक सोडून एक असे नट टेकवा, गाडी खाली घ्या आणि टॉर्क रेंचने १०० ते १३० न्यूटन-मीटरला आवळा. ८० ते १०० किलोमीटरनंतर परत एकदा तपासा.

डिकीतली स्टेपनीही बदला. ती अजून चार बोल्टचीच असणार.