भूत खरं धरून वाच

अगं,

तुझा मेसेज परत परत वाचला. जेस्मिन वॉर्ड या अमेरिकन लेखिकेच्या 'सिंग, अनबरीड, सिंग' या कादंबरीवर डेझर्टेशन करतेयस, गाइड म्हणतात त्यातल्या रिचीचं भूत म्हणजे वंशवादाच्या आघाताचं प्रतीक असं मांड, तुला ते पटत नाही आणि माझंच काही चुकतंय का असं विचारतेस. तुझं काहीही चुकत नाहीये. भूत खरं धरून वाच.

रिची बारा वर्षांचा. घरी भावंडं उपाशी म्हणून खारवलेलं मांस चोरलं आणि थेट पार्चमनला गेला. मिसिसिपी डेल्टातला हा तुरुंग खरा आहे, १९०१ पासूनचा, तुरुंग कसला, कैद्यांच्या घामावर चालणारी कापसाची शेती, आणि बंदूक घेऊन पहाऱ्याला उभे तेही कैदीच, ही पद्धत मोडली ती १९७२ च्या कोर्टाच्या निकालानंतर. तिथे गेलेलं पोर मेल्यावर कितीतरी वर्षांनी गाडीत येऊन जोजोच्या, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या पोराच्या, पायाशी अंग चोरून बसतं, कारण आपण मेलो कसे हेच त्याला माहीत नाही! प्रतीकाला असला प्रश्न पडतो का?

आपल्याकडे मेलेल्याची इच्छा राहिली की पिंडाला कावळा शिवत नाही, हे कळायला कुठली थिअरी वाचली होतीस? मग इथेच कशाला हवी?

जोजोच्या आईला, लियोनीला, मेलेला भाऊ दिसतो, पण बहुतेकदा नशेत असताना. गोऱ्या पोरानं पैज हरल्याच्या रागात त्याला गोळी घातली, कोर्टात शिकारीतला अपघात म्हणून गेलं, आणि हिची दोन्ही मुलं मारेकऱ्याच्याच घराण्यातल्या माणसापासून झालेली. तो भाऊ जवळजवळ शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही, नुसता बघतो. भूत खरं धरलंस तरच ती नजर तुला सोसावी लागेल.

आणि कृपा करून लोकसमजुती, गरिबी, वंशवाद अशी तीन चॅप्टर्स पाडू नकोस. आजोबानं, म्हणजे पॉपनं, जोजोला राखणीसाठी दिलेली पुरचुंडी आठव, पीस, दात, गोटा. रस्त्यात पोलीस गाडी अडवतो, पोराचा हात त्या पुरचुंडीकडे जातो आणि समोर पिस्तूल. तेरा वर्षांच्या मुलाला बेड्या. आता हे कुठल्या चॅप्टरमध्ये टाकणार?

मी वर्गात वर्षानुवर्षं हेच ओरडत आलो. सर भाबडे आहेत, थिअरी झेपत नाही, असं मागे बोलायचे लोक, एक पेपर याच कारणावरून परत आला, चार ओळी बदलल्या असत्या तर छापला असता, त्याची रुखरुख अजून आहे, पण बदलल्या नाहीत आणि आजही बदलणार नाही. हट्टी म्हण हवं तर. मुलं पुस्तक वाचायच्या आधीच त्याचा अर्थ पाठ करून येतात, त्यांच्यासाठी कुणीतरी हट्ट धरायला हवा होता.

रिचीबरोबर पार्चमनला असलेला पॉप शेवटी त्याच्या मरणाची गोष्ट सांगतो तो भाग परत वाच, पेन्सिल न घेता. सगळं ऐकूनसुद्धा रिची जात नाही. गाइडचं सूत्र, की आघात बोलून टाकला की सुटका, ते इथेच अडतं, तिथूनच लिहायला लाग. दहा पानं झाली की पाठव, कच्ची असली तरी चालतील.