युनिटमागे खरा खर्च किती?

प्रश्न : मी बिलाच्या एकूण रकमेला वापरलेल्या युनिटांनी भागून विजेचा दर काढतो. आम्ही बाहेरगावी होतो त्या महिन्यात वापर बराच घटला, तरी दर मात्र वाढलेला निघाला. मीटर सदोष असेल का? आणि एखाद्या उपकरणाचा खर्च काढताना कोणता दर धरावा?

उत्तर : एवढ्यावरून मीटरवर संशय घेण्याचे कारण नाही. स्थिर आकार हा वीजजोडणीचा असतो आणि घराला कुलूप असले तरी तो भरावा लागतो. कल्पित आकडे घेऊन पाहू : स्थिर आकार 150 आणि प्रत्येक युनिटचा दर 6. वापर 150 युनिट असेल तर बिल 1050 होते आणि युनिटमागे 7 पडतात. वापर 50 युनिटांवर आला की बिल 450 होते आणि तोच भागाकार 9 दाखवतो. मागची थकबाकी बिलात मिसळलेली असेल, तर ती आधी वजा करावी.

उपकरणाच्या हिशेबात ही सरासरी उपयोगाची नाही, कारण गिझर बंद ठेवल्याने स्थिर आकार कमी होत नाही. जिथे टप्प्यांनुसार दर असतात तिथे वाचवलेले युनिट सर्वांत वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यातून कमी होते. म्हणून तुमचा वापर ज्या टप्प्यात संपतो त्याचा दर घ्यावा आणि युनिटनुसार लागणारे इतर आकार व कर त्यात मिळवावेत. टप्पा ओलांडताच सगळेच युनिट महाग होतात, हा समज सरसकट खरा नाही. पुष्कळ ठिकाणी वाढीव दर फक्त मर्यादेपुढच्या युनिटांना लागतो. आपल्याकडची पद्धत दरपत्रकावरून ठरवावी.

एक युनिट म्हणजे 1000 वॅटचे उपकरण एक तास चालणे. त्यामुळे 2000 वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो, तर 9 वॅटच्या एलईडी दिव्याला त्यासाठी सुमारे 111 तास लागतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर मात्र चालू-बंद होत राहतो, म्हणून त्यावर छापलेल्या वॅटला 24 ने गुणू नये.

उपकरण प्रत्यक्षात किती वीज ओढते हे इलेक्ट्रॉनिक मीटरवरच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्यावरून कळते. मीटरवर एका युनिटला 3200 स्पंदने (म्हणजे दिव्याच्या लुकलुकी) असे लिहिले असेल, तर बाकी सर्व बंद करून 11 लुकलुकी मोजाव्यात. त्यांतील 10 अंतरांना 15 सेकंद लागले, तर तासाला 2400 लुकलुकी, म्हणजे पाऊण युनिट होते; अर्थात ते उपकरण 750 वॅट घेत आहे.