सोसायटी मालकाला ‘एकट्या मुलीला फ्लॅट भाड्याने देऊ नका’ असं सांगू शकते का?

नाही. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सहकारी सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला आधी कळवायचं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, बस. एनओसी लागत नाही. ‘बॅचलर नकोत’ असा ठराव केला असेल तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, पण ती सभासदाने, म्हणजे मालकाने केलेली बरी. आणि घोडं पेंड खातं ते इथेच. भाडेकरूसाठी कमिटीशी वैर कोण घेणार?

मालकानेच नकार दिला तर फारसं काही हातात नाही. राज्यघटनेचं भेदभावाला मनाई करणारं कलम १५(१) सरकारला बांधतं, खासगी घरमालकाला नाही. हे चीड आणणारं आहे, पण आहे.

घर मिळालं तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवल्याशिवाय सामान हलवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. ‘दहाच्या आत घरी’, ‘मित्र आणायचे नाहीत’ असल्या अटी मसुद्यात घुसवल्यात का, ते सही करण्याआधीच वाचा. एजंट ‘स्टँडर्ड फॉरमॅट आहे मॅडम’ म्हणेल, तरी वाचा.