सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीत प्रेषित होण्यासाठी काय पात्रता लागायची? त्यांचा शब्द अंतिम असायचा का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमच्या शहरात एक गृहस्थ नावाआधी 'प्रेषित' लावतात आणि त्यांच्या लोकांना त्यांना प्रश्न विचारायची मुभा नाही. म्हणून उत्तर देतोय, नाहीतर बायबलवरच्या प्रश्नांच्या वाटेला मी इथे जात नाही.

पात्रता प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात दिलेली आहे. येशूने निवडलेल्या बारा प्रेषितांपैकी यहूदा इस्कार्योताची जागा रिकामी झाली होती. सुमारे 120 जण जमले होते, आणि पेत्राने अट सांगितली: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभू वर घेतला गेला त्या दिवसापर्यंत जो आमच्याबरोबर वावरला, असाच माणूस हवा, आणि त्याने पुनरुत्थानाचा साक्षीदार व्हायचं. योसेफ बर्सबा आणि मत्थिया अशी दोन नावं पुढे आली, प्रार्थना झाली, चिठ्ठ्या टाकल्या, मत्थियाचं नाव निघालं. पुढे हेरोद राजाने बारांपैकी एक, प्रेषित योहानाचा भाऊ याकोब, याला तलवारीने मारलं, तेव्हा मात्र त्याच्या जागी कोणालाही नेमल्याचं कुठे लिहिलेलं नाही. बारा जणांचं स्थान हे निवृत्तीनंतर दुसऱ्याला मिळणारं पद नव्हतं. या अटीत आज जिवंत असलेला एकही माणूस बसत नाही.

"मग पौल?" हे लगेच विचारलं जातं. पौल म्हणजे नव्या करारातली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत तो प्रेषित. माझ्या दाजींनीही हेच विचारलं होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते आमची जुनी मंडळी सोडून शहराबाहेरच्या एका हॉलमधल्या संगतीत जायला लागले. तिथल्या माणसाच्या नावाआधी फ्लेक्सवर 'प्रेषित' लिहिलेलं असायचं. गावाचं किंवा माणसाचं नाव मी घेणार नाही. पेन्शनमधला दशांश तिकडे जाऊ लागला, त्यावर मी काही बोललो नाही. पैसा त्यांचा, श्रद्धा त्यांची. मग फंडातली मोठी रक्कम 'पायाभरणी'साठी गेली. ताईला ते नंतर कळलं. तरीही मी गप्प होतो.

वाद पेटला तो भाचीच्या लग्नावरून. मुलगा चांगला, घर ओळखीचं, पोरीच्या मनात होतं. पण मुलाकडचे आमच्या जुन्या मंडळीतले. दाजी म्हणाले, प्रेषितांना विचारल्याशिवाय होकार देता येणार नाही. विचारलं. उत्तर आलं की ही सोयरीक देवाच्या इच्छेत नाही. कारण सांगितलं नाही, आणि दाजींनी ते मागितलंही नाही.

ताईच्या घरी आम्ही सगळे बसलो. माझे वडील आयुष्यभर मंडळीचे पंच होते, मी स्वतः बरीच वर्षं खजिनदार होतो, त्यामुळे बायबल उघडून बोलायची आमच्या घरात सवय आहे. दाजींनी सुरुवात केली: पौल बारा जणांत नव्हता, येशूबरोबर फिरला नव्हता, तरी प्रेषित झाला, म्हणजे देव आजही कोणालाही करू शकतो.

मी म्हणालो, दाजी, पौलाचंच वाचू या. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो विचारतो, मी प्रेषित नाही काय? आणि लगेच पुढचा प्रश्न: आपला प्रभू येशू याला मी पाहिलं नाही काय? साक्षीदाराची अट तो टाळत नाही, तीच पुढे करतो. पंधराव्या अध्यायात पुनरुत्थित ख्रिस्ताने कोणाकोणाला दर्शन दिलं याची यादी आहे: केफा म्हणजे पेत्र, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, येशूचा भाऊ याकोब, सगळे प्रेषित. आणि सर्वांच्या शेवटी मला, असं तो म्हणतो. शेवटी! यादी तिथे बंद होते.

दाजी म्हणाले, "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका, असं वचन आहे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावर पडलं की संताप येतो. स्तोत्र 105 मध्ये ते अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल आहे, आणि बजावलंय राजांना. प्रश्न विचारणाऱ्या भाविकाला नाही. शौल तर खराच अभिषिक्त राजा होता. गुहेत तो हाती सापडला असताना दाविदाने त्याच्यावर वार केला नाही, पण बाहेर येऊन सगळ्यांसमोर त्याला जाब विचारला. जीव घ्यायचा नाही आणि जाब विचारायचा, या दोन्ही गोष्टी एकाच अध्यायात आहेत.

मग मी गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचला. अंत्युखियात पेत्र आधी विदेश्यांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता. येशूच्या भावाकडची, याकोबाकडची, माणसं आल्यावर मागे सरला. पौलाने त्याला तोंडावर, सर्वांदेखत सुनावलं. पेत्राला! आणि त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल स्वतःलाही सोडत नाही: आम्ही किंवा स्वर्गातला दूत जरी वेगळी सुवार्ता सांगू लागला तरी तो शापित असो. माझं म्हणणं एवढंच होतं की प्रेषिताचा शब्द सुवार्तेपेक्षा मोठा नव्हता, खुद्द प्रेषितासाठीही नव्हता. बिरुयाचे लोक पौलाने सांगितलेलं खरं आहे का हे रोज शास्त्र उघडून तपासायचे, आणि प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक त्यांचं कौतुक करतो.

तेवढ्यात ताई काही बोलायला गेली, तर दाजींनी तिला थांबवलं. त्या संगतीत बायका शास्त्रावर बोलत नाहीत म्हणे. मी रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढला. तिथे अंद्रोनीक आणि युनिया यांची नावं आहेत, आणि चौथ्या शतकात योहान ख्रिसोस्टोम या नामांकित उपदेशकाने ही युनिया प्रेषित म्हणवण्याइतकी थोर स्त्री होती असं गौरवाने म्हटलं. प्रिस्किल्लाने नवऱ्याबरोबर बसून अपुल्लोसासारख्या विद्वानाला शिकवलं. ताईला स्वतःच्या मुलीच्या लग्नाबद्दलही बोलता येऊ नये?

दाजींचा शेवटचा मुद्दा: ते चमत्कार करतात, लोक बरे होतात. यावर मी वाद घातला नाही. पौलही प्रेषिताची चिन्हं म्हणून अद्भुतं मोजतो, पण त्याच वाक्यात आधी धीर येतो. आणि स्वतःचे दाखले द्यायची पाळी आली तेव्हा, करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, त्याने काय मोजलं? पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीन वेळा फुटलेलं जहाज. करिंथात तर तो अक्विल्लाच्या घरी राहून तंबू शिवायचं काम करत होता. सुवार्तेवर पोट भरायचा हक्क आहे असं ठणकावून सांगितलं, आणि तिथे तो हक्क वापरला नाही.

दाजी उठले, "प्रार्थना करू या" म्हणाले, आणि प्रार्थनेने विषय बंद केला. सोयरीक मोडली.

आता तुमच्या प्रश्नाचा राहिलेला भाग. प्रेषितांना अधिकार नव्हता असं मी म्हणत नाही. होता, आणि कडक होता. करिंथच्या एका माणसाला मंडळीतून काढा असं पौल स्पष्ट लिहितो. पण तेही तुम्ही सगळे एकत्र जमाल तेव्हा, बंद खोलीत नाही. यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का हा वाद यरुशलेमेत प्रेषित आणि वडील यांनी एकत्र बसून, दोन्ही बाजू ऐकून सोडवला. हा अधिकार तुमच्या उन्नतीसाठी दिलाय, नाशासाठी नाही, असं पौल बजावतो.

शिवाय 'प्रेषित' हा शब्द बारा जणांपुरता नव्हता हेही खरं. बर्णबाला प्रेषित म्हटलंय, मंडळ्यांनी पाठवलेल्या माणसांनाही. त्या अर्थाने कोणी म्हणवून घेतलं तर माझं भांडण नाही, मात्र मग जुने नियमही पाळा. दिदाखे नावाची एक अगदी जुनी पुस्तिका आहे, पहिल्या शतकाच्या शेवटाची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची. तिचं हस्तलिखित 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडलं. त्यात लिहिलंय: प्रेषित आला की त्याचं प्रभूसारखं स्वागत करा, त्याने एक दिवस राहावं, गरज असेल तर दोन, तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल एवढी भाकर न्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. प्रकटीकरणात इफिसच्या मंडळीची तारीफ झालीय ती प्रेषित म्हणवणाऱ्यांची परीक्षा करून त्यांना खोटं ठरवलं म्हणून.

वसईचे, गोव्याचे कॅथलिक वाचक म्हणतील की प्रेषितांचा अधिकार बिशपांकडे आला. ल्योंचा बिशप इरेनियस याने साधारण इ.स. 180 च्या सुमारास हेच मांडलं, आणि त्यामागे गुप्त शिकवण सांगणाऱ्यांना रोखायचा हेतू होता: आमच्या बिशपांची परंपरा उघड आहे, नावं मोजून घ्या. मी प्रोटेस्टंट आहे, मला ते पूर्ण पटत नाही, पण त्यातला उघडपणा मला मान्य आहे. आणि अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस, मरायला रोमला नेला जात असताना, तिथल्या मंडळीला लिहितो की पेत्र आणि पौल यांच्यासारखी मी तुम्हाला आज्ञा करत नाही. ते प्रेषित होते, मी कैदी आहे. खऱ्या बिशपाने ती पायरी स्वतःहून सोडली. स्वतंत्र संगतीतले सगळेच पाळक असे असतात असंही नाही, कितीतरी जण पदरमोड करून सेवा करतात.

तुमच्या शहरातल्या गृहस्थांशी शास्त्रार्थ करत बसू नका, ते पाठांतरात तुम्हाला हरवतील. हिशोब मागा. यरुशलेमच्या गरिबांसाठी पौलाने वर्गणी गोळा केली तेव्हा पैसे एकट्याने नेले नाहीत. तुम्ही ज्यांना पसंत कराल त्यांना पाठवीन, असं करिंथकरांना लिहिलं. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला, आणि कारणही लिहून ठेवलं: या देणगीबद्दल कोणी आमच्यावर ठपका ठेवू नये. प्रभूच्याच नाही तर माणसांच्या दृष्टीनेही चोख असावं म्हणून.

दाजी ही साइट वाचतात हे मला माहीत आहे. दाजी, ते करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय, वचन 20 आणि 21. पायाभरणीच्या रकमेची पावती मागा, आणि ती ताईच्या हातात द्या.