राग आला, पण लिहायचं काय?

प्रश्न : ताई, ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्यावरचे लेख मी मोबाइलवर वाचते. कधी चिडते, कधी डोळे भरतात. वहीत मात्र ‘लेख आवडला’ एवढंच उतरतं. – बी. ए. द्वितीय वर्ष, सातारा

उत्तर : अगं, चिडलीस तिथेच थांब. ते वाक्य जसंच्या तसं उतरव, खाली ‘का?’ लिही. सारांश नकोच. माझ्या वर्गातल्या एका मुलीने अशाच लेखावर लिहिलं होतं, ‘मराठी किती जुनी हे सांगायला नाणेघाटातला ब्राह्मी शिलालेख आला, माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या का नाही आल्या?’ निळ्या शाईतल्या दोन ओळी, ‘आजीच्या’वर खाडाखोड. मी ती वही घरी आणून पुन्हा वाचली. तुझी आजी काय म्हणते गं? आधी ते लिही.