काका, जरा काम होतं

प्रश्न : इचलकरंजीतल्या एका कापड निर्यातदाराकडे मी कागदपत्रांचं काम बघते. परदेशी ग्राहकांशी पत्रव्यवहारही माझ्याकडेच असतो. लेस्टरच्या एका खरेदीदाराला मी लिहिलं, ‘यू हॅड बेटर सेंड द साइन्ड ऑर्डर बाय फ्रायडे.’ शुक्रवारपर्यंत पाठवलीत तर बरं होईल, एवढंच मला म्हणायचं होतं. त्यांनी थेट आमच्या मालकांना फोन करून विचारलं, ‘नाही पाठवली तर काय करणार आहात?’ माझं नेमकं काय चुकलं?

उत्तर : ताई, ही चूक तुमच्या एकटीची नाही. मी कराडला ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं आणि ‘हॅड बेटर म्हणजे बरे होईल’ हे माझ्याच हातानं फळ्यावर लिहिलंय. अर्थ खोटा नाही, पण अपुरा आहे आणि तो अपुरा सांगितल्याचं मला आज वाईट वाटतं. आपल्या ‘बरं होईल’मध्ये आर्जव असतं. ‘हॅड बेटर’मध्ये एक न बोललेलं ‘नाहीतर’ असतं. ‘यू हॅड बेटर सी अ डॉक्टर’ म्हणजे दाखवून घे, नाहीतर दुखणं वाढेल. मैत्रिणीला काळजीपोटी असं म्हटलं तर ते शोभतं. ग्राहकाला लिहिलं की तो दम होतो.

तुमचं वाक्य असं लिहा : ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड अस द साइन्ड ऑर्डर बाय फ्रायडे, ॲज वी हॅव टु बुक द कंटेनर ऑन मंडे.’ यातला शेवटचा तुकडा गाळू नका. नुसती तारीख हुकमासारखी वाटते. कंटेनरचं कारण दिलंत की घाई तुमची उरत नाही, कामाची होते. ‘ग्रेटफुल’ऐवजी ‘अप्रिशिएट’ वापरायचं असेल तर ‘आय वुड अप्रिशिएट इट इफ’ असं लिहा. हा मधला ‘इट’ आपल्याकडे हमखास गळतो.

आता ‘वुड’ आणि ‘कुड’च का? मराठीत मान सर्वनामात आणि क्रियापदात असतो : तू दे, तुम्ही द्या, आपण द्यावे. इंग्रजीत पूर्वी ‘तू’साठी ‘दाउ’ होतं. रोजच्या प्रमाण बोलीतून ते गेलं आणि घरच्या मांजरापासून राजापर्यंत सगळ्यांना एकच ‘यू’ उरलं. मग अदब दाखवायची कुठे? इंग्रजीनं ती बरीचशी भूतकाळाच्या रूपांवर टाकली. ‘विल’चं ‘वुड’, ‘कॅन’चं ‘कुड’. वर्गात मुलं विचारायची, ‘मॅडम, काम उद्याचं आणि रूप कालचं, हे कसं?’ मी त्यांना शेजारच्या काकांच्या दारात उभं करायची. तिथे आपण काय म्हणतो? ‘काका, जरा काम होतं.’ काम झालेलं नसतं, अजून सांगितलेलंही नसतं, तरी ‘होतं’ म्हणतो. ‘आहे’ म्हटलं तर ते काकांच्या अंगावर जातं. ‘होतं’ म्हटलं की ‘आत्ता नको, संध्याकाळी ये’ असं म्हणायला त्यांना जागा राहते. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प’ हे त्याच दारातलं वाक्य आहे. हे पटलं की मुलांना ‘कुड’ घोकावं लागत नसे.

आणि ‘प्लीज’बद्दल. ‘प्लीज सेंड द ऑर्डर’ हे उद्धट नाही, पण आज्ञाच आहे. नेहमीच्या, ठरलेल्या कामाला चालतं. ज्याच्यावर आपला हक्क नाही त्याच्याकडून काही हवं असेल तर प्रश्न करा : ‘कुड यू प्लीज सेंड...?’ समोरच्याचंच भलं असेल तिथे मात्र आज्ञाच गोड लागते. ‘प्लीज हॅव अ सीट’ म्हणजे आपलं ‘बसा ना’. पाहुण्याला ‘आपण बसू शकाल का?’ असं कोण विचारतं?

मालकांना हे उत्तर जरूर दाखवा. आणि त्या खरेदीदाराला दोन ओळी लिहा, की शब्द चुकला, हेतू तसा नव्हता.

प्रश्न : मी नांदेडला पीएचडी करतो. मार्गदर्शकांना ‘प्लीज सजेस्ट मी सम बुक्स’ असं लिहिलं, तर त्यांनी ‘मी’ खोडला. ‘आय सजेस्ट यू टु एक्स्टेंड द डेट’ हेही लाल शाईत आलं. का?

उत्तर : ‘सजेस्ट’ला माणूस थेट चिकटत नाही. ‘कुड यू सजेस्ट सम बुक्स?’ एवढं पुरे. दुसऱ्या वाक्यात व्याकरणापेक्षा नातं जास्त बिघडलंय. गुरूला ‘आय सजेस्ट’ म्हणू नये. ‘वुड इट बी पॉसिबल टु एक्स्टेंड द डेट?’ असं विचारावं, म्हणजे निर्णय त्यांच्याकडे राहतो. बरोबरीच्या सहकाऱ्याला ‘पर्हॅप्स वी कुड एक्स्टेंड द डेट’.

तिसऱ्या व्यक्तीबद्दल सुचवताना ‘आय सजेस्ट दॅट ही गो’ असं येतं. ‘गोज’ नाही. मराठीत आपण ‘त्याने जावे असे सुचवतो’ म्हणतो, ‘तो जातो असे सुचवतो’ म्हणत नाही. तो ‘जावे’ म्हणजेच हा ‘गो’. ब्रिटिश लिखाणात ‘ही शुड गो’ही सर्रास दिसतं.

प्रश्न : मुलीकडे बर्मिंगहॅमला गेले होते. बसमध्ये शेजारच्या बाईंनी ‘वुड यू माइंड इफ आय ओपन्ड द विंडो?’ असं विचारलं. मी हसून ‘येस, येस’ म्हटलं, तर त्या ओशाळून गप्प बसल्या.

उत्तर : त्यांनी ‘उघडली तर चालेल का?’ असं नाही विचारलं, ‘तुमची हरकत आहे का?’ असं विचारलं. तुम्ही ‘हो, आहे’ म्हणालात. पुढच्या वेळी असंच हसून म्हणा, ‘नो, नॉट ॲट ऑल.’ आणि खिडकीकडे हात करा.