ब्रेक दाबला की गाडी डावीकडे पळते

प्रश्न: गेल्या आठवड्यात पुढचे ब्रेक पॅड बदलले, तेव्हापासून ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. परवा तुळजापूर रोडला तर थेट कडेच्या मातीतच उतरली. मेकॅनिक म्हणतो अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करा. करू का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: थांबा ओ, अलाइनमेंटला पैसे घालू नका एवढ्यात. आधी पुढच्या दोन्ही टायरची हवा सारखी आहे का बघा, फुकटचं काम आहे. मग हे बघा की ब्रेक न दाबता पण ओढते का, कारण तसं असेल तर डावं कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जॅम होऊन ब्रेक घासत राहत असू शकतो; पाच-सात किलोमीटर चालवून चाकाजवळ हात न्या (लावू नका, भाजेल!), तसं असेल तर डावं चाक उजव्यापेक्षा जास्त तापलेलं जाणवेल. फक्त ब्रेक मारल्यावरच ओढत असेल तर बहुतेक वेळा दोष उजवीकडे असतो, म्हणजे उजवा ब्रेक कमी धरतोय म्हणून गाडी डावीकडे जाते, आणि लोक नेमकं डावंच चाक खोलत बसतात.

उजवीकडची स्लाइड पिन (कॅलिपर जिच्यावर सरकतं ती) सुकलीय का, पॅडला ग्रीस किंवा ऑइल लागलंय का, ब्रेक ऑइलच्या लाइनीत हवा आहे का ते बघायला सांगा. पिनला ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस, साधं नको, रबर फुगतं. पॅड बदलताना कॅलिपर होजवरच (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत ठेवलं असेल तर होज आतून फाटू शकतो, तेही विचारा. तेलकट पॅड घासून चालत नाही, दोन्ही बाजूंचे नवीनच टाका. तोवर हायवेला नेऊ नका.